उजेड कुठून येतोय, ते आधी ठरवा

मराठी मध्यमवर्गाने चेहऱ्यावरची चमक पुसून काढण्यात दोन-तीन पिढ्या घालवल्या. फोटो स्टुडिओत आरशाखालच्या फळीवर पावडरचा डबा आणि कंगवा ठेवलेला असे. कंगवा सुतळीने खिळ्याला बांधलेला, कारण तो लोक घेऊन जात. पावडर मोकळी, कारण ती घेऊन जावी अशीच अपेक्षा होती. फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून डोकं काढून "ताई, नाक चमकतंय" म्हणाला की ताई कानकोंडी होऊन पदराने नाक पुसायची. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की तिला दोनदा साबणाने तोंड धुवायला लावत, मग अफगाण स्नो, मग पावडर. ती बाहेर येई तेव्हा हातातली पोह्यांची बशी तिच्यापेक्षा जास्त चकाकत असे. तुकतुकीत म्हणजे चांगलं आणि तेलकट म्हणजे वाईट. पण या दोहोंमधली रेषा नेमकी कुठे आहे हे घरातल्या थोरल्या आत्यालाच कळे, आणि ती कोणालाच पास करत नसे.

आता तीच चमक डबीत भरून मिळते. तिला हायलायटर म्हणतात. गंमत अशी की पुसण्याचं काम काही थांबलेलं नाही. आधी तेल शोषणारा प्रायमर, त्यावर मॅट फाउंडेशन, त्यावर कॉम्पॅक्ट. म्हणजे देवाने दिलेली चमक मुळापासून काढायची, आणि जागा रिकामी झाली की तिथेच विकत आणलेली बसवायची. चेहऱ्याचा पुनर्विकासच म्हणायचा. फरक एवढाच की इथे बिल्डर आणि रहिवासी एकच असल्यामुळे भांडायला कोणी नसतं.

या सगळ्याशी माझा संबंध भाचीमुळे आला. तिच्या मैत्रिणीचं लग्न होतं. मैत्रिणीचं लग्न स्वतःच्या लग्नापेक्षा अवघड असतं. स्वतःच्या लग्नात निदान मेकअपवाली येते आणि 'हलू नका' म्हणून दोन तास गप्प बसवते. मैत्रिणीच्या लग्नात हळद, संगीत, लग्न आणि रिसेप्शन या चारही प्रसंगी आपापला चेहरा आपणच उभा करायचा असतो. भाचीने हायलायटर आधीच मागवला होता. तो लावायचा कशाने, हा प्रश्न शिल्लक होता. "मावशी, तुला ब्रशमधलं कळतं ना? मग चल," असं म्हणून तिने मला मॉलमधल्या एका दुकानात नेलं.

ब्रशमधलं मला कळतं हे खरं आहे. मी शाळेत चित्रकला शिकवत असे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या दप्तरांतले ब्रश मी एवढे पाहिले आहेत की ब्रश बघून त्या मुलाला कोणती श्रेणी मिळेल ते सांगता यावं. आणि हायलाइट या प्रकरणाशी तर माझं जुनं वैर आहे. स्थिरचित्राला टेबलावर तांब्या, दोन कांदे, एक वांगं आणि मागे निळं कापड असा संसार मांडायचा. मुलं सगळं काढत, रंगवत आणि शेवटची पाच मिनिटं राहिली की पोस्टर कलरच्या पांढऱ्या बाटलीत ब्रश बुडवून वांग्यावर एक टिकली देत. खिडकी डावीकडे असली तरी टिकली उजवीकडे. "अरे, उजेड कुठून येतोय? वांग्याच्या आत बल्ब लावलाय का?" हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की माजी विद्यार्थी आजही मला रस्त्यात भेटले की वांग्याची चौकशी करतात.

दुकानात शिरल्यावर भिंतभर ब्रश दिसले. आमच्या वेळी ब्रशांचे प्रकार दोन, गोल आणि चपटा, आणि पुढे नंबर. इथे प्रत्येकाला स्वतंत्र जबाबदारी होती: हा फक्त गालाच्या खळगीसाठी, हा नाकाच्या कडेसाठी, हा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यासाठी, आणि एक 'फिनिशिंग'साठी, म्हणजे बाकीच्यांनी केलेलं निस्तरायला. एवढी कामाची वाटणी फक्त सरकारी कार्यालयात पाहिली होती. काउंटरवरची मुलगी हसतमुख होती. तिचे गाल असे झळकत होते की मी नकळत वर दिवा कुठे आहे ते पाहिलं.

"मॅम, हायलायटरसाठी हा फॅन ब्रश घ्या. सगळे हाच घेतात."

फॅन ब्रश म्हणजे पसरलेल्या पंख्याच्या आकाराचा, चपटा, विरळ केसांचा ब्रश. माझी त्याची ओळख तैलचित्रातली. दोन ओले रंग जिथे भेटतात ती कड मऊ करायला तो मऊ केसांचा वापरतात, आणि डुकराच्या राठ केसांचा असेल तर त्याने गवत आणि झाडांचा पाला काढतात. अमेरिकेत 1983 ते 1994 या काळात टीव्हीवर चित्रं शिकवणाऱ्या बॉब रॉसने या ब्रशने सूचिपर्णी झाडांची जंगलंच्या जंगलं उभी केली.

"हा गवत काढायचा असतो," मी म्हटलं.

"नो मॅम, चीकबोन," ती म्हणाली, आणि भाचीने मला कोपराने ढोसलं.

फॅन ब्रशवर अन्याय नको. त्याचा एक गुण मोठा आहे: केस कमी असल्याने तो पावडरही कमीच उचलतो. हात जड असणाऱ्या माणसाला हा ब्रश आपोआप काटकसर शिकवतो. पण त्याचा दोष रुंदीत आहे. गालाच्या हाडाचा जो माथा चमकायला हवा तो जेमतेम एका बोटाच्या रुंदीचा असतो आणि हा पंखा चार बोटं रुंद. त्यामुळे चमक गालावरून निघते ती एका बाजूला कानापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला ओठापर्यंत जाऊन पोचते, वाटेत नाकपुडीलाही भेटते. चेहऱ्यावर उंच काय आणि खोल काय हे दाखवायला हायलायटर लावायचा. सगळंच चमकलं की काहीच उंच राहत नाही. वर्गात मी हेच सांगत असे. अख्खं वांगं पांढरं केलंस तर तो मुळा होईल.

त्यानंतर तिने काबुकी ब्रश काढला. आखूड दांड्याचा, दाट केसांचा, मुठीत धरायचा. पावडर सगळ्या चेहऱ्यावर एकसारखी फिरवायला तो उत्तम; हायलायटर लावायला घेतला तर शेजारी बसलेल्या बाईचाही मेकअप होईल. मग दोन रंगांच्या केसांचा, ज्याला ड्युओ फायबर म्हणतात तो. त्यात आखूड केस दाट आणि लांब केस विरळ, त्यामुळे टोकाला येणारी पावडर अगदी थोडी आणि पसरट. हा शहाणा ब्रश आहे, पण गालापुरता. नाकासाठी फार मोठा. आणि शेवटी, बाकीच्यांच्या मागे लपलेला, एक लहान, निमुळता, हलक्या बांधणीचा ब्रश निघाला. टोक बारीक, पोट थोडं फुगीर, दाबला तर वाकणारा. मी तो हातात घेतला, मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवला, टोक वाकवून सोडून पाहिलं. लगेच जागेवर आलं. पत्र्याच्या नळीला हलकेच हिसका दिला. एकही केस निघाला नाही.

"मॅम प्रोफेशनल आहेत का?" मुलीने भाचीला हळूच विचारलं. भाचीने "हो" म्हणून सांगितलं. कोणत्या व्यवसायातल्या, ते विचारलं गेलं नाही.

ब्रशच्या बाबतीत माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: केस कुणाचे? खोक्यावर फक्त 'नॅचरल हेअर' लिहिलं होतं. नॅचरल तर माझेही आहेत. मुलीने आतून कोणाला तरी विचारून "गोट, मॅम" असं सांगितलं. बकरीचे केस मेकअपच्या ब्रशांत सर्रास वापरतात, खारीचे आणि घोड्याचेही. जनावराच्या केसावर बारीक खवले असतात, त्यांत कोरडी पावडर धरून राहते आणि हळूहळू सुटते. मात्र हाच केस द्रव पदार्थ पिऊन टाकतो, म्हणून क्रीम किंवा लिक्विड हायलायटरला नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचा ब्रश बरा. आजकाल कृत्रिम धागे इतके मऊ निघतात की पावडरलाही ते चालतात, आणि कोणाचे केस हा प्रश्नच उरत नाही.

तो प्रश्न मी उगाच विचारत नाही. आमच्या चित्रकारांच्या दुनियेत मुंगसाच्या केसांचे ब्रश वर्षानुवर्षं विकले गेले. टोक सुरेख, रंग धरण्याची ताकद सुरेख, आणि एका ब्रशामागे मेलेलं मुंगूस दुकानात कोणाला दिसत नव्हतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे. हे ब्रश विकणं आणि बाळगणं हा गुन्हा आहे. 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने या धंद्यावर देशात ठिकठिकाणी छापे घातले. तेव्हा 'नॅचरल' एवढ्यावर समाधान मानू नका. बकरी म्हणतायत तर बकरी लिहून द्या म्हणावं.

केसांची खरी कदर जपानमध्ये आहे. हिरोशिमाजवळ कुमानो नावाचं छोटं गाव आहे. जपानमध्ये तयार होणाऱ्या ब्रशांपैकी सुमारे 80 टक्के एकट्या या गावातून येतात. मूळ धंदा सुलेखनाच्या ब्रशांचा, पुढे त्याच हातांनी मेकअपचे ब्रश केले. तिथली खुबी अशी की ब्रशचा आकार यावा म्हणून केसांची टोकं कापत नाहीत. केस आधी साच्यात बसवून आकार घडवतात, म्हणजे प्रत्येक केसाचं जन्मजात निमुळतं टोक शाबूत राहतं आणि गालाला तेवढंच लागतं. 2011 मध्ये जपानच्या महिलांनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला तेव्हा सरकारने त्यांना राष्ट्रीय सन्मानासोबत कुमानोचे मेकअप ब्रश भेट दिले. जग जिंकून आलेल्या खेळाडू मुलींना गाल रंगवायचे ब्रश द्यावेत की नाही यावर आपल्याकडे टीव्हीवर चार रात्री चर्चा झाली असती. मला विचाराल तर भेट झकास होती. आपल्याकडे शाल आणि नारळ देतात. नारळाने काहीच रंगवता येत नाही.

आता खुद्द हायलायटरबद्दल, कारण लावायचं काय हे कळल्याशिवाय कशाने लावायचं हे कळत नाही. त्या डबीत मुख्यतः अभ्रक असतं. अभ्रकाचे अतिशय पातळ, सपाट कण घेऊन त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात. तो थर किती जाड त्यावर झाक ठरते: चंदेरी, सोनेरी, गुलाबी, निळसर. फॅक्टरी तीच, थर बदलला की डबीचं नाव बदलतं. गणेशमूर्तींच्या मुकुटाला आणि पितांबराला जे 'पर्ल' रंग मारतात, त्यांतही हीच करामत असते. त्याआधी मोत्याची झाक माशांच्या खवल्यांतून काढत. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये खोटे मोती त्यावरच झळकत होते. मासे साफ करताना मनगटाला चिकटलेलं खवलं ज्या बाईने घाईघाईने धुऊन टाकलं, तिने काय फेकलं ते तिला कोणी सांगितलं नाही.

अभ्रकाचा आपला मोठा साठा झारखंडात, कोडरमा आणि गिरिडीहच्या पट्ट्यात. तिथल्या बेकायदा खाणींतून अभ्रकाचे तुकडे वेचायला लहान मुलं जातात; त्या तुकड्यांना तिथे 'ढिबरा' म्हणतात. खाण ढासळून मुलं दगावल्याच्या बातम्या आल्यावर जगभरच्या कंपन्यांना जाग आली आणि 2017 मध्ये पॅरिसला 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' नावाची संस्था निघाली. काही कंपन्या आता भट्टीत बनवलेलं कृत्रिम अभ्रक वापरतात आणि डबीवर तसं लिहितात. विनोदी लेखात हे कशाला, असं कोणी म्हणेल. डबी उघडली की तेच आधी दिसतं, म्हणून.

तर हे अभ्रकाचे कण म्हणजे चपटे, सूक्ष्म आरसे. ते त्वचेवर सपाट निजले की उजेड एका दिशेने परततो आणि गाल आतून उजळल्यासारखा दिसतो. ते आडवेतिडवे उभे राहिले की उजेड वाटेल तिकडे उडतो आणि गालावर चमकी सांडल्यासारखी दिसते. सगळा हत्यारांचा घोळ एवढ्यासाठी आहे. राठ ब्रशने घासलं तर कण उभे राहतात आणि खालचं फाउंडेशनही खरवडून निघतं. मऊ ब्रशने टेकत टेकत, एकाच दिशेने नेलं तर ते निजतात. ब्रश पावडरीत बुडवून तसाच गालाला लावणाऱ्यांना मी काही शिकवू शकत नाही; आधी झटकायचा असतो. पोस्टर कलरचा ब्रशही बाटलीच्या काठावर निथळावा लागतो, हे चौथीतल्या मुलालाही सांगावं लागत नाही, आठवीतल्याला लागतं.

माझ्या पांढऱ्या टिकलीपेक्षा हा प्रकार वरचढ आहे, हे कबूल करावंच लागेल. वांग्यावरची टिकली एकदा बसली की बसली. चित्र कुठूनही बघा, ती तिथेच. अभ्रकाची चमक मान वळली की सरकते, उजेड गेला की विझते. म्हणून ती खरी वाटते. आणि म्हणूनच उजेड कुठून येतोय हे विचारायचं टाळता येत नाही. हायलायटर लावायच्या ज्या जागा सांगतात, म्हणजे गालाच्या हाडाचा माथा, भुवईखालचं हाड, नाकाचा दांडा, वरच्या ओठाची कमान, त्या सगळ्या दिवा वर आहे असं गृहीत धरून सांगितलेल्या आहेत. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र आहे, हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं. तिथे दिवा हातात, त्यामुळे उजेडाचा सगळा हिशेब त्या दिव्यापासून मांडलेला. बोटांच्या फटींमधूनसुद्धा तांबूस प्रकाश झिरपतो. तिच्या चेहऱ्यावर आजच्या पद्धतीने भुवईखाली आणि नाकाच्या दांड्यावर चंदेरी पट्टे मारले असते तर हातातला दिवा विझवून टाकावा लागला असता.

लग्नाच्या हॉलमध्ये तर उजेडाला दिशाच नसते. वर झुंबर, मागे रंग बदलणारे दिवे, आणि समोर व्हिडिओवाल्याचा पांढराफेक एलईडी, जो नेमका आपण जिलेबी तोंडात घालताना पेटतो. त्यात फ्लॅश पडला की जास्तीचा हायलायटर पांढऱ्या डागांसारखा फोटोत उतरतो. घरच्या आरशासमोर पिवळ्या बल्बखाली जो 'अजून थोडा' वाटतो, तो अल्बममध्ये कायमचा राहतो. हळदीच्या दिवशी मात्र हायलायटर लावणाऱ्या मुलींपुढे मी हात टेकले आहेत. हळद लागणार हे माहीत असूनही त्या लावतात.

पावडरचं ठरल्यावर मुलीने स्पंज पुढे केला. अंड्याच्या आकाराचा, भडक गुलाबी. हॉलिवूडमधल्या रिया अ‍ॅन सिल्वा या मेकअप कलावतीने या शतकाच्या सुरुवातीला तो बाजारात आणला. हाय डेफिनिशन कॅमेऱ्यांना स्पंजच्या कडांनी पडणाऱ्या रेघा दिसायला लागल्या, तेव्हा ती स्पंज कापून त्यांच्या कडाच नाहीशा करत असे. त्यातून हा अंड्याचा आकार आला. वापरण्यापूर्वी तो पाण्यात भिजवून पिळायचा, मग फुगतो. लिक्विड हायलायटरची कड फाउंडेशनमध्ये मिसळवून टाकायला, किंवा जास्त झालेला टिपून घ्यायला तो फार चांगला.

पण हा स्पंज ओला असतो, आणि ओली वस्तू बंद पाउचमध्ये ठेवली की तिथे काय वस्तीला येतं हे डबा न धुता तीन दिवस दप्तरात ठेवणाऱ्या मुलाच्या आईला विचारा. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठाने 2019 मध्ये लोकांच्या वापरात असलेली सौंदर्यप्रसाधनं तपासली. जवळजवळ दहातल्या नऊ वस्तूंमध्ये जिवाणू सापडले, आणि सगळ्यांत वाईट अवस्था या स्पंजांची निघाली. त्यांपैकी 93 टक्के स्पंज कधीच धुतलेले नव्हते आणि सुमारे दोन तृतीयांश कधी ना कधी जमिनीवर पडलेले होते. जमिनीवर पडलेली पोळी आपण कुत्र्याला घालतो. स्पंज उचलून गालाला.

"वॉश करता येतो, मॅम," मुलगी म्हणाली. तिला काय माहीत? ब्रश धुवायला सांगण्यात माझं आयुष्य गेलं आहे. पाण्याच्या बाटलीत ब्रश उलटे उभे करून ठेवू नका, पाणी पत्र्याच्या नळीत शिरतं, गोंद सुटतो, केस गळतात. धुऊन आडवे वाळवा. मुलांनी ऐकलं नाही. मेकअपच्या ब्रशलाही हाच नियम लागू आहे, सौम्य साबण किंवा लहान मुलांचा शॅम्पू पुरतो, आणि बायका तरी ऐकतात असं दिसत नाही.

हे चाललेलं असताना भाचीने तिसरी वस्तू काढली: क्रीम हायलायटरची कांडी. यासाठी कोणता ब्रश, असं तिने विचारलं तेव्हा मी तिचा हात धरून तिला तिची करंगळीशेजारची अनामिका दाखवली. या बोटात जोर कमी असतो, म्हणून दाब आपोआप हलका पडतो. अंगाच्या उबेने क्रीम विरघळून त्वचेत मिसळतं. मेकअप करणारे मुरलेले लोकही हेच बोट वापरतात. आमची आजी तरी वेगळं काय करत होती? फणीकरंड्याच्या पेटीत मेणाची डबी असे आणि कुंकवाची. आधी मेण टेकायचं, मग त्यावर कुंकू. मेणाशिवाय कुंकू दुपारपर्यंत नाकावर येतं. भाची करते तेही तेच: आधी क्रीम, मग त्यावर पावडर, म्हणजे टिकतं. आजीला कोणी प्रायमर विकला नाही एवढंच.

हत्यार कसं चालवावं हे बघायचं असेल तर आषाढी वारीच्या वाटेवर गंध लावणाऱ्या पोरांना बघा. पितळी ताटलीत गोपीचंदन आणि बुक्का, हातात वाकवलेल्या तारेचा साचा. कपाळ समोर आलं की साचा बुडवायचा, टेकायचा, उचलायचा, मधोमध बुक्क्याचं बोट, आणि पुढचं कपाळ. घासत नाहीत, फिरवत नाहीत, 'अजून थोडं' करत नाहीत. हजारो कपाळं एका दिवसात, आणि प्रत्येक रेघ सरळ. त्या पोरांतल्या एखाद्याला वधूच्या मेकअपला बसवलं तर मुहूर्त चुकायचा नाही.

दुकानातून निघण्यापूर्वी मुलीने "मॅम, तुम्हालाही ट्राय करते" म्हणून माझ्या गालावर हायलायटर फिरवलाच. चंदेरी होता. सावळ्या-गव्हाळ रंगावर चंदेरी छटा राखेसारखी बसते. सोनेरी, तांबूस किंवा पीच पाहिजे. पण ते जाऊ द्या. आरशात पाहिलं तर माझ्या गालावरची एकेक सुरकुती नावानिशी ओळखू येत होती. चमक गुळगुळीत जागेवरच शोभते. जिथे चढउतार आहेत, पुटकुळ्या आहेत, रंध्रं मोठी आहेत, तिथे ती प्रत्येक उंचवट्याला माईक देते. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या असणाऱ्यांनी तिथे लावू नये, हा नियम मी तेव्हाच केला. "ग्लो आलाय, मॅम," ती म्हणाली. आमची थोरली आत्या असती तर तिने पदर पुढे केला असता.

भाचीने शेवटी बारा ब्रशांचा संच बघितला, मी तिच्याकडे बघितलं, आणि तिने तो खाली ठेवला. तुम्हीही ठेवा. पावडर हायलायटरसाठी एक लहान, निमुळता, मऊ आणि विरळ बांधणीचा ब्रश घ्या. तोच नाकाला आणि डोळ्याच्या कोपऱ्यालाही पुरतो. क्रीमसाठी बोट आहे. स्पंज धुणार असाल तरच घ्या. लावून झाल्यावर बाथरूमच्या आरशात समाधान मानू नका. खिडकीपाशी जा, दिवसाच्या उजेडात मान डावी-उजवीकडे वळवा आणि चमक सरकते की पट्टा नुसताच बसून आहे ते पाहा. बसून असेल तर पुसा. आणि फॅन ब्रश घरात आधीच आला असेल तर टाकू नका. डोळ्यांखाली सांडलेली आयशॅडो झटकायला ठेवा. त्या कामात त्याचा हात कोणी धरणार नाही.